पुन्हा तोलणे

दुकान आवरायला घेतलं तेव्हा
ऐरणीच्या ठोकळ्यामागच्या खणात
बिस्किटांचा एक डबा हाती लागला.
हलवून बघणार होतो. हलवला नाही.
वजनावरूनच कळलं, सोनं नव्हे.

बाबा वाळपईच्या बाजारात चाळीस वर्षं
मंगळसूत्राच्या वाट्या ठोकत बसले.
पावसात गिऱ्हाईक तुटलं की
जेरोनिम भाटकाराची काडतुसं भरून देत.
रायफल पाकल्यांच्या वेळची,
तिच्या मापाची गोळी पणजीतही मिळेना,
म्हणून तीच ती पितळी नळकांडी परत परत यायची
आणि बाबा गुंजांच्या तराजूवर दारू तोलायचे,
पंखा बंद करून, श्वास धरून,
मला पायरीवर बसवून.
"सोन्यात चुकलो तर गिऱ्हाईक ओरडतं," म्हणायचे.
"हिच्यात चुकलो तर ओरडायला कोण उरत नाही."

रायफल केव्हाच गेली.
एका निवडणुकीत ठाण्यात जमा केली,
भाटकार त्याच महिन्यात वारला,
लिस्बनच्या मुलांनी ती सोडवली नाही.
काडतुसांची आठवण कुणालाच राहिली नाही. बाबांनाही?

झाकण उघडलं.
एकोणीस.
पितळेवर मोरचूद चढलेला,
दोघांच्या माना डागावर तडकलेल्या बांगडीसारख्या,
तळाशी तांबूस भुकटी, आणि एक आंबूस वास.
आमच्याकडे म्हणतात, दारू जुनी झाली की चढते.
ही सडते.
प्रत्येकाभोवती बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी होती;
कसरीनं आकडे तेवढे नेमके खाल्लेले.
तारखा उरल्या, वजनं गेली.

मंथन, बहिणीचा मुलगा, डोळे चमकवत म्हणाला,
मामा, यंदा नरकासुराच्या पोटात घालूया,
होंड्याच्या पोरांचा नरकासुर याच्यापुढे काय!
मी त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिलो
की तो स्वतःच म्हणाला, बरं, बरं.
शेजारचा शिंपी म्हणाला, विहिरीत सोड.
त्या विहिरीचं पाणी त्याचीच सून भरते.
परसात पुरावं, तर उद्या कुणी माड लावील,
कुदळ मारील, आणि त्याला काय ठाऊक
की इथं माझ्या बापाचं गणित पुरलंय.

ठाण्यात फोन केला. फोंडू गावस होता,
त्याच्या लग्नाची अंगठी आमच्याच हातची.
"हात लावूं नाका," म्हणाला. मग जरा थांबून,
"शेगडी पेटलेली नाही ना?"

शेगडी पेटलेली होती.
शेवटची चूर आटवायला सकाळीच लावली होती,
डब्यापासून सहा हातांवर, मुशीत सोनं लाल,
आणि मी इतका वेळ बापाचं अक्षर वाचत उभा.

विझवली. मुख्य बटण खाली ओढलं.
मंथनला दंड धरून बाहेर काढलं, शिंप्यालाही,
आणि लहानपणच्या त्याच पायरीवर
दाराकडे पाठ करून बसलो,
कुणाला आत जाऊ द्यायचं नाही म्हणून.

पणजीहून माणसं आली तेव्हा दिवे लागले होते.
त्यांच्यातली एक मुलगी, माझ्या लेकीच्या वयाची,
एकेक काडतूस अशी उचलायची
जशी आम्ही मोती उचलतो,
आणि वाळूच्या पेटीत आडवं ठेवायची.
कुणी घाई केली नाही. कुणी विनोद केला नाही.
बाबांना ती आवडली असती.
म्याव्याच्या पलीकडे कुठंतरी खड्डा आहे, म्हणाली,
तिथं आम्ही बघू. तुम्ही येऊ नका.

पावती मिळाली: जुनी काडतुसे, नग एकोणीस.
डबाही नेला. फक्त झाकणाला आतून चिकटलेला
एक कागद तिनं अलगद सोडवून मला दिला.
कसर तिथवर पोचली नव्हती.
बाबांचं अक्षर, शेवटच्या वर्षातलं, थरथरतं:
"सातवे व बारावे. शंका. पुन्हा तोलणे."

तराजू अजून विकलेला नाही.
रिकामा असला तरी डावं पारडं
किंचित खाली जातं. नेहमीच जायचं का,
ते आता कुणाला विचारू?